यादीतली एक ओळ वागण्याची

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन इथल्या धर्मशास्त्र विद्यालयातल्या 40 विद्यार्थ्यांवर जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. तो 1973 मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना एकेक करून बोलावलं आणि सांगितलं, की शेजारच्या इमारतीत जाऊन एक छोटं भाषण द्यायचं आहे. काहींना विषय दिला नोकरीच्या संधींचा, तर काहींना बायबलमधल्या चांगल्या शोमरोनी माणसाच्या गोष्टीचा. यरुशलेमहून यरिहोला जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी मारहाण करून अर्धमेला केलेला एक प्रवासी पडलेला असतो. धर्माची कामं करणारे दोघं त्याला बघून बाजूने निघून जातात आणि परक्या जमातीचा, म्हणजे शोमरोनी, एक वाटसरू मात्र थांबून त्याची शुश्रूषा करतो, अशी ती गोष्ट. खरी परीक्षा भाषणाची नव्हतीच. वाटेतल्या गल्लीत एका दारापाशी प्रयोगकर्त्यांनी एक माणूस बसवून ठेवला होता. मान खाली, डोळे मिटलेले, मधूनच खोकतोय, कण्हतोय.

निघताना काही विद्यार्थ्यांना सांगितलं होतं, की अजून थोडा वेळ आहे, पण निघालात तरी चालेल. काहींना थोडी घाई करायला लावली होती. काहींना सांगितलं होतं, की उशीर झालाय, तिकडे तुमची वाट बघताहेत. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले 63 टक्के त्या माणसापाशी थांबले. थोडी घाई असलेल्यांतले 45 टक्के थांबले आणि उशीर झालेल्यांतले फक्त 10 टक्के. भाषणाचा विषय कोणता होता, याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. शोमरोनी माणसावर बोलायला निघालेल्यांपैकी काही जण तर कण्हणाऱ्या माणसाला चक्क ओलांडून पुढे गेले.

ही मुलं निर्दय नव्हती. परोपकार काय असतो, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. पण डोक्यात काम होतं आणि कामाला वेळ ठरलेली होती. दयाळूपणाला मात्र कुठलीच वेळ ठरवून दिलेली नव्हती.

रोजच्या संसारात याहून वेगळं काही घडत नाही. फ्रिजच्या दारावर किंवा मोबाइलमध्ये यादी असते: वीजबिल, सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, मुलीच्या शाळेतली पालकसभा, बँकेत केवायसीचे कागद. संध्याकाळपर्यंत एकेका कामावर रेघ मारली जाते. पण गोळ्या टेबलावर ठेवताना सासऱ्यांशी धड दोन शब्द बोलणं झालेलं नसतं. पालकसभेहून परतताना रिक्षातच मुलीवर खेकसून झालेलं असतं. बँकेतल्या माणसाने एक झेरॉक्स कमी आहे म्हटल्यावर आवाज चढलेला असतो. यादीच्या हिशेबाने दिवस उत्तम गेला. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत राहतं, आणि त्याचं कारण यादीत शोधून सापडत नाही, कारण ते यादीत कधी लिहिलेलंच नव्हतं.

या लेखात सुचवायचं आहे ते एवढंच: रोजच्या कामांच्या यादीत एक ओळ आपल्या वागण्याची असावी, आणि ती त्या दिवसाच्याच एखाद्या कामाला बांधलेली असावी.

कामाची आखणी आणि वागण्याचा निश्चय एकाच पानावर मांडण्याचं प्रसिद्ध उदाहरण बेंजामिन फ्रँकलिन (1706–1790) यांचं आहे. फिलाडेल्फियात छापखाना चालवणाऱ्या या माणसाने आपल्या दिवसाचं वेळापत्रक आत्मचरित्रात दिलं आहे. पहाटे 5 ते 7 या वेळात उठणं, आवरणं, प्रार्थना, दिवसाच्या कामांची आखणी आणि त्या दिवसाचा निश्चय. आखणी आणि निश्चय ही दोन्ही एकाच रकान्यात आहेत, हे लक्षात घेण्यासारखं आहे. सकाळी स्वतःला विचारायचा प्रश्न असा, की आज मी कोणतं चांगलं काम करणार? संध्याकाळी त्याचाच हिशेब: आज कोणतं चांगलं काम केलं?

याखेरीज त्यांची एक छोटी वही होती. तिच्यात 13 गुण लिहिलेले: खाण्यापिण्यातला संयम, मितभाषण, व्यवस्थितपणा, काटकसर, उद्योग, सचोटी, न्याय, शांतपणा वगैरे. प्रत्येक पानावर आठवड्याच्या सात वारांचे सात रकाने. ज्या दिवशी ज्या गुणात चूक झाली तिथे काळा ठिपका द्यायचा. मात्र तेराही गुणांवर एकदम जोर लावायचा नाही. एका आठवड्याला एकच गुण. अशी 13 आठवड्यांत एक फेरी आणि वर्षात चार. नव्या फेरीसाठी जुने ठिपके खोडून खोडून पानांना भोकं पडली, तेव्हा त्यांनी ओल्या स्पंजने पुसता येतील अशा हस्तिदंती पट्ट्यांवर तक्ता करून घेतला. व्यवस्थितपणा हा गुण त्यांना सगळ्यात जास्त छळत राहिला, हेही त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे.

या वहीपेक्षा जास्त शिकण्यासारखी आहे तेराव्या गुणाची कथा. मूळ यादीत बाराच गुण होते. क्वेकर पंथाच्या एका मित्राने त्यांना सांगितलं, की लोक तुम्हाला गर्विष्ठ समजतात, आणि उदाहरणंही दिली. फ्रँकलिननी यादीत नम्रता घातली. पण ‘नम्र राहीन’ एवढं लिहून ते थांबले नाहीत. ‘निश्चितच’, ‘निःसंशय’ अशा ठाम अर्थाचे शब्द त्यांनी आपल्या बोलण्यातून काढून टाकले आणि त्यांच्या जागी ‘मला वाटतं’, ‘आत्ता तरी मला असं दिसतं’ अशी वाक्यं बसवली. समोरचा चुकीचं बोलला, तर त्याला तिथल्या तिथे खोडून काढण्याचा मोह आवरला. परिणाम असा झाला, की वाद कमी झाले, लोक त्यांचं म्हणणं लवकर मान्य करू लागले आणि स्वतःची चूक निघाली तरी खजील होण्याची वेळ कमी आली. गर्व पुरता गेला, असा दावा त्यांनी केला नाही. आतून तो जागाच होता, हे त्यांनी कबूल केलं आहे. तरी वागणं बदललं होतं, आणि आजूबाजूच्यांचा संबंध येतो तो वागण्याशीच.

गुणाचं नाव लिहून काही हाती लागत नाही. तो गुण कोणत्या क्षणी, कोणत्या शब्दात, हाताच्या कोणत्या हालचालीत दिसणार, हे लिहावं लागतं. बहुतेक संकल्प मोडतात ते नेमके इथेच.

याला संशोधनाचाही आधार आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी 1990 च्या दशकात दाखवून दिलं, की ‘मी अमुक करीन’ या नुसत्या इराद्यापेक्षा ‘अमुक घडलं, की मी तमुक करीन’ अशा जर-तरच्या वाक्यात मांडलेला इरादा बराच जास्त पार पडतो. एका प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळच्या सुटीत, ठरावीक दोन दिवसांत एक छोटा वृत्तांत लिहून पाठवायला सांगितलं होतं. कुठे आणि कधी बसून लिहिणार, हे आधी ठरवायला लावलेल्यांमध्ये तो वेळेत लिहिणाऱ्यांचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक निघालं. 2006 मध्ये गोलविट्झर आणि पास्कल शीरन यांनी अशा 94 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हाही या साध्या युक्तीचा परिणाम मध्यम ते मोठा असल्याचं दिसलं. कारण समजायला सोपं आहे. प्रसंग आधीच ठरलेला असला, की ऐन वेळी आठवण ठेवायचं ओझं मनावर पडत नाही. समोरचा प्रसंगच आठवण करून देतो.

मराठी घरांना ही रीत परकी नाही. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतच्या चातुर्मासात आजी-पणजी नेम धरत. कुणी चार महिने मौनाने जेवे, कुणी रोज गाईला घास घालून मगच पान वाढून घेई. त्यात ‘मी संयमी होईन’ असं मोघम काही नसे. पानावर बसलं, की बोलायचं नाही, इतका तो नेम नेमका असे. ताट समोर आलं, की नेम आठवे. मुदतही ठरलेली असे, त्यामुळे तो जन्मभराचा भार वाटत नसे.

एका वेळी एकच, हा धडाही इथल्याच मातीत सापडतो. 1930 मध्ये पुण्याच्या येरवडा तुरुंगात असताना गांधीजी साबरमती आश्रमातल्या लोकांना दर आठवड्याला एक पत्र लिहीत. मंगळवारी सकाळच्या प्रार्थनेनंतर लिहिलेल्या त्या पत्रांत ते आश्रमाच्या व्रतांपैकी एकेका व्रताचा विचार मांडत. ती पत्रं पुढे ‘मंगल प्रभात’ या नावाने पुस्तकरूपात आली. ज्या आश्रमात ही व्रतं रोजच्या प्रार्थनेचा भाग होती, तिथेही विचार करताना एक आठवडा आणि एक व्रत पुरेसं मानलं गेलं. एका दिवसासाठी पाच गुण लिहून काढणाऱ्याने हे जरूर लक्षात घ्यावं.

आता प्रत्यक्ष लिहायचं कसं?

आधी नेहमीसारखी कामांची यादी करावी. मग प्रत्येक काम कुणासमोर, कुणाबरोबर किंवा कुणासाठी होणार आहे, हे बघावं. त्यातलं जे काम आठवून आधीच कपाळावर आठी येते, तेच निवडावं, कारण त्या दिवशी पारा चढणार असेल तर बहुधा तिथेच. त्या कामाच्या शेजारी, त्याच ओळीत, एक वाक्य लिहावं. गोळ्या आणायच्या असतील, तर शेजारी लिहिता येईल: ‘बाबांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, की हातातलं खाली ठेवून, त्यांच्याकडे बघून उत्तर देईन.’ पालकसभा असेल तर: ‘बाहेर पडल्यावर मुलीला आधी बाईंनी केलेलं एक कौतुक सांगेन, बाकीचं घरी, चहा झाल्यावर.’ कचेरीत टेबलामागे बसणाऱ्याला लिहिता येईल: ‘माणूस समोर आला, की आधी बसा म्हणेन, मग कागद मागेन.’ मुंबईच्या लोकलने जाणारी बाई लिहू शकते: ‘चौथ्या सीटसाठी कुणी सरकायला सांगितलं, की पिशवी मांडीवर घेऊन सरकेन.’ सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात ज्यांचं डोकं तापतं त्यांच्यासाठी: ‘राग आणणारा मेसेज आला, तर उत्तर रात्रीच्या जेवणानंतर लिहीन.’

वाक्य नीट जमलं की नाही, हे ओळखायची कसोटी साधी आहे. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ते घडताना दिसेल का? बसा म्हटलेलं ऐकू येतं, पिशवी मांडीवर घेतलेली दिसते. ‘सकारात्मक राहीन’, ‘सगळ्यांशी प्रेमाने वागेन’ ही वाक्यं या कसोटीला उतरत नाहीत. ती खोडून पुन्हा लिहावीत.

नकारार्थी वाक्यंही शक्यतो टाळावीत. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांच्या 1987 च्या गाजलेल्या प्रयोगात लोकांना सांगितलं होतं, की पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली. ‘आज मुलावर ओरडणार नाही’ या वाक्यात दिवसभर ओरडण्याचाच विचार घोळत राहतो आणि ओरडायचं नाही तर करायचं काय, हे त्यात कुठे सांगितलेलंच नसतं. त्याऐवजी ‘राग आला, की त्याच्या शेजारी जाऊन बसेन आणि नाव घेऊन हळू आवाजात बोलेन’ असं लिहिलं, तर हातापायांना काहीतरी करायला मिळतं.

दिवस छान जाणार, असं मनाशी घोकत बसण्याचाही उपयोग कमी आणि तोटा जास्त. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएले ओटिंगन यांनी अनेक वर्षं यावर संशोधन केलं आहे. नुसतं गोड चित्र रंगवणाऱ्यांचा प्रयत्न सैल पडतो, आणि इच्छेबरोबर तिच्या वाटेतला अडथळाही डोळ्यांसमोर आणणाऱ्यांचा प्रयत्न टिकतो, असं त्यांना आढळलं. हे शहाणपण बरंच जुनं आहे. रोमचा सम्राट मार्कस ऑरेलियस याने स्वतःसाठी लिहिलेल्या टिपणांत दिवसाची सुरुवात कशी करावी ते लिहून ठेवलंय: आज लुडबुड करणारे, कृतघ्न, उद्धट, मत्सरी लोक भेटणार आहेत, हे सकाळीच स्वतःला सांगावं, म्हणजे ते भेटल्यावर धक्का बसत नाही आणि तीही आपल्यासारखीच माणसं आहेत हे विसरलं जात नाही. सकाळचं हे टिपण निराशेचं नाही. जी गोष्ट घडणारच आहे, तिची ती तयारी आहे.

मात्र वाक्य कितीही नेमकं लिहिलं, तरी प्रिन्स्टनच्या प्रयोगातली घाई तिथे असेल, तर ते बुडणारच. या विषयावरच्या बहुतेक सल्ल्यांत ही बाजू निसटते. मन कसं घडवावं यावर भरपूर सांगितलं जातं आणि यादी कशी कमी करावी यावर फारच थोडं. चांगलं वागायला मिनिटं लागतात. सासऱ्यांच्या प्रश्नाला थांबून उत्तर द्यायला दोन मिनिटं लागतात, मुलीचं ऐकून घ्यायला दहा लागतात. 8 वाजून 12 मिनिटांची लोकल पकडायची असेल आणि घरातून निघायला 8 वाजून 5 मिनिटं झाली असतील, तर जिन्यात भेटलेल्या शेजारच्या आजींशी कुणीही धड बोलणार नाही, मग सकाळी काहीही लिहिलेलं असो. म्हणून ज्या कामाला वागण्याची ओळ जोडली आहे, त्याच्या पुढेमागे दहा मिनिटं रिकामी ठेवावीत. तशी जागा नसेल, तर यादीतलं एक काम सरळ उद्यावर ढकलावं. वागण्याच्या ओळीची खरी किंमत ही आहे आणि ती मोजायची तयारी नसेल, तर ओळ न लिहिलेली बरी. घरातली बहुतेक कामं एकट्या बाईच्या यादीत पडलेली असतील, तर तिला शांत राहण्याचा सल्ला देण्याआधी घरातल्या बाकीच्यांनी त्यातली दोन कामं उचलावीत.

रात्रीचा आढावा दोन मिनिटांत आटोपावा. रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने रागावर लिहिलेल्या ग्रंथात आपली सवय सांगितली आहे. दिवा मालवला, की पत्नीही त्याची सवय ओळखून गप्प होई आणि तो दिवसभराचं बोलणं-वागणं स्वतःपुढे तपासून बघे. कुणाशी वाद घालताना आवाज चढला होता, कुणाला नको इतकं स्पष्ट बोललो, असं तो एकेक आठवे, पुन्हा असं करू नकोस म्हणे आणि स्वतःला माफही करून टाके. हा माफ करण्याचा भाग महत्त्वाचा आहे. आढावा म्हणजे स्वतःवर खटला चालवणं नव्हे. ओळ पार पडली असेल तर खूण करावी. नसेल, तर प्रसंग आला नाही, आठवलं नाही की आठवूनही जमलं नाही, यातलं नेमकं काय झालं तेवढं बघावं. आठवलं नसेल, तर वाक्य चुकीच्या प्रसंगाला बांधलं गेलं होतं. आठवूनही जमलं नसेल, तर वाक्य झेपेल त्याहून मोठं होतं. ते लहान करावं.

किती दिवस? ‘नव्याचे नऊ दिवस’ ही म्हण सगळ्यांनाच ठाऊक आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांच्या नव्या सवयींचा मागोवा घेतला. सवय अंगवळणी पडायला कुणाला 18 दिवस पुरतील, तर कुणाला 254 लागतील, असा त्यांचा अंदाज निघाला. मधला आकडा 66 दिवसांचा. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यातून दिसलं. अर्थात त्या सवयी खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या होत्या. वागण्याच्या सवयीत समोर दुसरा माणूस असतो, त्यामुळे इथे जास्तच धीर धरावा. एक ओळ निदान आठवडाभर तरी बदलू नये. 2019 मध्ये मानसशास्त्रज्ञ नेथन हडसन आणि सहकाऱ्यांनी स्वभाव बदलू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना 15 आठवडे छोट्या छोट्या कृती करायला दिल्या, तेव्हा ज्यांनी त्या खरोखर पार पाडल्या त्यांच्यात बदल दिसला. कृती नुसत्या स्वीकारून तो आला नाही.

घरातल्या दुसऱ्या माणसाची ओळ आपण लिहू नये. नवऱ्याने बायकोची, आईने मुलाची किंवा साहेबाने हाताखालच्यांची ओळ लिहिली, की ती नुसती सूचना होते. मुलांना आपापली लिहावीशी वाटली, तर लिहू द्यावी आणि तपासायला मागू नये.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जिथे अन्याय होतोय, पगार अडवला जातोय, घरात हात उगारला जातोय, तिथे ‘मी शांत राहीन’ ही ओळ लिहू नये. तिथली ओळ ‘आज मी अमुक व्यक्तीला हे सांगेन’, ‘आज तक्रार लिहून देईन’ अशी असायला हवी. तसंच दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, झोप आणि भूक उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर ती वागण्याची उणीव नाही. तो आजार असू शकतो आणि त्याला डॉक्टर लागतो. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

बाकीच्यांनी सुरुवातीला नवी वही आणू नये, ॲप शोधू नये आणि एक तारखेची वाटही बघू नये. आज रात्री उद्याची यादी कराल, तेव्हा त्यातलं एक काम निवडा, ते ज्याच्यासमोर होणार आहे त्या माणसाचं नाव शेजारी लिहा, त्याच्याशी कसं वागणार ते एका वाक्यात मांडा आणि त्यासाठी यादीतलं दुसरं एखादं काम खोडा.